आजारपणाचा हप्ता आणि मताचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत निवडणूक आली की भाषणांचे विषय ठरून गेलेले असतात. शहापुरात पाण्याचा. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे मोडकसागर आले, भातसा आले. मुंबईची तहान या तालुक्याने भागवली आणि धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर मात्र मार्च उलटला की टँकरची वाट पाहावी लागते, हे वाक्य प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराने कधी ना कधी टाळ्यांसाठी वापरलेले आहे. मुरबाडात विषय रेल्वेचा. कल्याणहून मुरबाडला गाडी येणार, हे ऐकत तिथल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्याखालोखाल रस्ते, जमिनी, आरक्षण, नोकऱ्या. दवाखान्याचा विषय व्यासपीठावर येतो तो बहुधा शेवटी, आभारप्रदर्शनाच्या आधी.

पण घराघरांत हिशेब वेगळा असतो. गेल्या पाच-दहा वर्षांत कर्ज का झाले, शेताचा तुकडा का विकला, मुलाचे कॉलेज का सुटले, असे विचारले तर दहातल्या निम्म्या घरांत तरी उत्तर एखाद्या आजारपणापाशी येऊन थांबेल. भाषणात नसलेला हा विषय मतदानयंत्रापर्यंत पोहोचतो का? पोहोचत असेल तर कोणत्या वाटेने? आरोग्यविम्याचे हप्ते वर्षागणिक वाढत असताना आणि प्रत्येक सरकार आपल्या नावाचे कार्ड मतदाराच्या हाती ठेवत असताना हा प्रश्न शांतपणे तपासून पाहायला हवा.

हप्ते तीन प्रकारचे

विमा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एजंट, पॉलिसी आणि नूतनीकरणाची तारीख येते. या भागात हा अनुभव थोड्यांचा आहे. आसनगाव किंवा वासिंदहून रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, मुरबाडचा शिक्षक, बाजारपेठेतला दुकानदार, निवृत्त बँक कर्मचारी, असे काही लोक. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम १९८६ साली आणले, तेव्हा ती शहरी चैन वाटे. १९९४ साली सर्वसाधारण विम्यावर ५ टक्के सेवाकर बसला. तो चढत चढत जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या रूपाने १८ टक्क्यांवर गेला. म्हणजे वीस हजारांच्या हप्त्यामागे ३६०० रुपये नुसता कर.

या हप्त्याने राजकारण हलवले, हे नाकारता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरचा कर काढावा अशी मागणी केली. ऑगस्टमध्ये विरोधी पक्षांचे खासदार त्याच मागणीसाठी संसदेच्या आवारात उभे राहिले. सत्ताधारी आणि विरोधक एका मागणीवर यावेत, हे आपल्याकडे रोज घडत नाही. अखेर ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा कर पूर्ण काढून टाकला आणि २२ सप्टेंबरपासून तो निर्णय अमलात आला. मागणी ते अंमल, अवघे चौदा महिने.

ही सूट मात्र एकदाच मिळणारी आहे. हप्ता वाढण्याची कारणे तशीच राहिली. औषधोपचार महागतो, वय वाढते, वयाचा टप्पा बदलला की हप्ता उडी मारतो. साठीपुढच्या विमाधारकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपन्यांनी आधी विमा नियामक प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. तो आवश्यक होता. परंतु दरसाल दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. साठाव्या वर्षी तीस हजार भरणाऱ्या निवृत्त माणसाला सदुसष्टाव्या वर्षी अठ्ठावन्न हजार भरावे लागले, तरी तो आदेश मोडलेला नसतो. पेन्शन मात्र त्या वेगाने दुप्पट होत नाही.

दुसऱ्या प्रकारचा हप्ता मतदाराला दिसतच नाही, कारण तो सरकार भरते. १९९७ साली राज्यातल्या युती शासनाने दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी जीवनदायी योजना आणली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या दुखण्यांपुरती. २ जुलै २०१२ रोजी आघाडी शासनाने तिचे विमायोजनेत रूपांतर करून आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर, म्हणजे ठाणे जिल्ह्यातही, लागू झाली. एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण आणि त्यापोटी सरकार विमा कंपनीला देत होते कुटुंबामागे ३३३ रुपये. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली. २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुटुंबामागचा हप्ता ७९७ रुपये झाला होता. जुलै २०२३ च्या निर्णयाने पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण जाहीर झाले आणि जुलै २०२४ पासून ते अमलात आले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान कार्ड खुले झाले. विधानसभेचे मतदान त्यानंतर तीन आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला होते. तारखा आपापले बोलतात.

तिसरा हप्ता कोणत्याच कागदावर नसतो, आणि या दोन तालुक्यांत बहुतेक लोक भरतात तो हाच. खाट सरकारी मिळाली नाही म्हणून खासगीत भरलेली अनामत रक्कम, बाहेरून आणलेली औषधे, जीपचे भाडे, नातेवाइकांचे चार दिवसांचे वडापाव, बुडालेली मजुरी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात एका वेळच्या रुग्णालय भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये निघाला होता. आपल्या भागाच्या भाषेत सांगायचे तर, त्या वर्षी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,५५० रुपये होता. म्हणजे सरकारी दवाखान्यातले एक आजारपण पावणेतीन क्विंटल भाताचे आणि खासगीतले साडेसतरा क्विंटलांहून अधिक भाताचे. पावसाच्या भरवशावर एकच पीक घेणाऱ्या घरात साडेसतरा क्विंटल म्हणजे वर्षाची कोठी. त्याच पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरापैकी जेमतेम चौदा माणसांना कुठल्या ना कुठल्या आरोग्यविम्याचे छत्र होते. त्यानंतर कार्डे वाढली, हे खरे. पण हमीभावही आता २०२५-२६ च्या हंगामात २,३६९ रुपयेच झाला. वीस हजारांची खासगी पॉलिसी घ्यायची तर साडेआठ क्विंटल भात आधी तराजूवर घालावा लागेल. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालून पैशांची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही पॉलिसी सुचवणे म्हणजे थट्टाच.

कार्डाने मत मिळते का?

राजकीय पक्षांची समजूत अशी दिसते की कार्ड दिले की मत मिळते. इतिहास या समजुतीला फारसा आधार देत नाही.

आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी २००७ साली आरोग्यश्री योजना आणली आणि २००९ ची निवडणूक जिंकली. तेव्हापासून देशभरच्या मुख्यमंत्र्यांना हा हमखास मंत्र वाटू लागला. पण पुढचा हिशेब पाहावा. राजस्थानात २०२१ साली पाच लाखांची चिरंजीवी योजना आली. ती आधी दहा लाखांवर, मग २०२३ साली पंचवीस लाखांवर गेली, शिवाय आरोग्याच्या हक्काचा कायदाही झाला. तरी त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार गेले. आंध्रात राजशेखर रेड्डींच्याच मुलाने आरोग्यश्रीची मर्यादा २०२३ च्या डिसेंबरात पंचवीस लाखांवर नेली आणि २०२४ मध्ये सत्ता गमावली. ओडिशात बिजू जनता दलाच्या सरकारची स्वतःची आरोग्य योजना गावोगाव पोहोचली होती, तेही २०२४ मध्ये हरले. आपल्याकडे राजीव गांधी योजना राज्यभर लागू झाली २०१३ च्या नोव्हेंबरात, आणि २०१४ मध्ये आघाडी लोकसभाही हरली, विधानसभाही.

आपल्या दोन मतदारसंघांकडे पाहिले तर पक्षाची योजना आणि मतदाराची निवड यांतला धागा आणखी सैल झालेला दिसतो. मुरबाडमधून किसन कथोरे २००९ साली राष्ट्रवादीचे म्हणून निवडून आले आणि २०१४ पासून भाजपचे म्हणून येत आहेत. शहापूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात २०१९ ला दौलत दरोडा आणि पांडुरंग बरोरा यांनी पक्षांची जणू अदलाबदल केली. शिवसेनेचे दरोडा राष्ट्रवादीकडून लढले, राष्ट्रवादीचे बरोरा शिवसेनेकडून. दरोडा निवडून आले. २०२४ च्या मे महिन्यात मतदान झालेल्या भिवंडी लोकसभेत महाविकास आघाडीचे सुरेश म्हात्रे विजयी झाले, आणि सहाच महिन्यांनी याच लोकसभेतल्या शहापूर आणि मुरबाड या दोन्ही जागा महायुतीकडे गेल्या. मधल्या काळात विम्याची मर्यादा वाढली हे खरे. पण लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले तेही याच काळात. यांतल्या कशाने किती मते हलली हे सांगण्याचा आव कोणी आणू नये. एवढे मात्र कोणालाही समजेल, की महिन्याला खात्यात पडणारे पैसे दिसतात. त्यांतून म्हातारीची रक्तदाबाची गोळी येते, पोराचे सिरप येते. पाच लाखांचे कार्ड मात्र माणूस मरणाच्या दारात गेल्याशिवाय दिसत नाही, आणि गेल्यावरही चालेलच असे नाही.

त्याच लोकसभा निवडणुकीतला आणखी एक आकडा विचार करायला लावतो. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेले अपक्ष निलेश सांबरे यांना २ लाख ३१ हजारांवर मते मिळाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते सुमारे ६६ हजार. सांबरे यांच्यामागे राष्ट्रीय पक्ष नव्हता. होती ती त्यांची जिजाऊ शैक्षणिक व सामाजिक संस्था, आणि तिचे पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड तालुक्यात झडपोली येथे चालणारे मोफत रुग्णालय. संस्थेच्या शाळा आहेत, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत, त्यामुळे सारी मते रुग्णालयाच्या खात्यावर मांडणे चुकीचे होईल. जातीपातीची, भागाभागाची गणितेही असतात. पण पक्षाच्या चिन्हाशिवाय एवढी मते मिळवणाऱ्या माणसाच्या कामात दवाखाना अग्रभागी असावा, याची नोंद घ्यायला हवी. लोकांना दवाखाना दिसतो, त्यातला डॉक्टर दिसतो, बिल भरावे लागले नाही हे समजते.

मत जाते धावून येणाऱ्याकडे

म्हणजे आरोग्याचा खर्च मतावर परिणाम करत नाही असे नव्हे. करतो, पण जाहीरनाम्याच्या वाटेने करत नाही. तो फोनच्या वाटेने करतो.

समजा, डोळखांबच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री बाई अडली, किंवा माळशेजच्या पायथ्याशी कोणाला साप चावला. पहिला फोन १०८ ला जातो. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण गाडी रस्ता असेल तिथपर्यंतच येणार. रस्ता नसेल तर झोळी करून माणूस खाली आणावा लागतो. अशा बातम्या या भागातून दर पावसाळ्यात येतात. दुसरा फोन जातो गावातल्या पुढाऱ्याला. तो स्वतःची जीप काढतो, किंवा साहेबांचे छायाचित्र लावलेली रुग्णवाहिका मागवतो. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून ‘पुढे न्या’ असे सांगितले, की तिसरा फोन. ठाण्यात की मुंबईत, केईएमला की शीवला, खाट कुठे मिळेल? धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसवलेला आहे. हे सारे त्या बाईच्या नवऱ्याच्या हक्काचे आहे. पण ते त्याला मिळते कोणाच्या तरी चिठ्ठीने, कोणाच्या तरी शब्दाने. निदान त्याची तशी खात्री झालेली असते.

हा माणूस पुढच्या निवडणुकीत मत कोणाला देईल? ज्याने रात्री फोन उचलला त्याला. त्यात चूक काय? उपकाराची जाण ठेवणे ही आपली रीत आहे, आणि मुंबईत बसून त्याला अडाणी म्हणणाऱ्यांपैकी किती जण परक्या माणसासाठी रात्री दोन वाजता गाडी काढतील? त्याची निवड पूर्ण व्यवहारी आहे. ज्या जागी यंत्रणेने उभे राहायचे त्या जागी माणूस उभा राहिला, तर मत यंत्रणेला कसे मिळेल?

अडचण निराळीच आहे. चिठ्ठीची गरज संपली तर चिठ्ठी देणाऱ्याचे महत्त्व संपते. त्यामुळे यंत्रणा सुधारावी, असा आग्रह चिठ्ठी देणाऱ्याने धरावा कशासाठी? तो मनाने वाईट नसतो, पुष्कळदा खरोखर राबतो. पण डोळखांबला रात्रीचा डॉक्टर हजर राहू लागला, शहापुरात शस्त्रक्रिया होऊ लागल्या, तर त्याचा फोन वाजणार नाही. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याकडे आहे. इथे वैद्य नसण्यातूनच पुढाऱ्याची गरज उभी राहते.

कार्ड आहे, खाट कुठे आहे?

विम्याच्या योजनांनी गरिबाला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरातल्या माणसाची अँजिओप्लास्टी, कर्करोगाचे उपचार किंवा डायलिसिस या योजनेतून झाले, त्या घराला तिची किंमत माहीत आहे. पूर्वी अशा दुखण्यात माणूस घरी आणून देवाच्या हवाली करत. आता निदान दार ठोठावता येते. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९ टक्क्यांवर आला असे सरकारी हिशेब सांगतात.

पण विम्याचा पैसा रुग्णालय असेल तिथेच पोहोचतो. मोठी रुग्णालये कल्याण, ठाणे, मुंबई किंवा घाटावर नाशिककडे. शहापूरहून ठाणे पन्नासएक किलोमीटर, आणि कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या अंगाच्या गावांना त्याहून किती तरी लांब. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा ग्रामीण ठाण्यातून येणाऱ्या रुग्णांचा सारा भार महापालिकेच्या त्या एका रुग्णालयावर कसा येऊन पडतो हे राज्याने पाहिले. ती उणीव कार्डांच्या संख्येने भरून निघणारी नव्हती. खाटा, परिचारिका आणि डॉक्टर यांची ती उणीव होती.

शिवाय आजारपणातले पैसे मुख्यतः कुठे जातात? बाह्यरुग्ण विभागात, औषधाच्या दुकानात, तपासण्यांत. विमा बहुतांशी भरती झाल्यावर सुरू होतो. तापाचे, खोकल्याचे, मधुमेहाचे, रक्तदाबाचे पैसे खिशातूनच जातात. साप चावला तर पहिल्या तासात जवळच्या केंद्रात लस लागते. पाच लाखांचे कार्ड तेव्हा पाकिटातच राहते. याच कोकणपट्टीत रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर संशोधन केले. प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त औषधाने विंचवाने मरणारी माणसे वाचू लागली आणि ते काम जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेले. तिथे विमा नव्हता. गावात राहणारा डॉक्टर होता आणि मिळणारी गोळी होती.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के राज्य कामगार विम्याला जातात. १९४८ च्या कायद्याने आलेली ही योजना कागदावर सर्वांत चांगली, कारण तीत बाह्यरुग्ण उपचारही आहेत आणि आजारपणातली भरपाईही. पण मोठ्या दुखण्याला उल्हासनगर किंवा ठाण्याच्या कामगार रुग्णालयाकडेच जायचे. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१ हजारांवर नेली. पगार त्याच्या वर गेला की हे छत्र निघून जाते. कंत्राटी कामगाराची तर नोंदणीच झालेली नसते, हा आणखी एक रोग. आणि भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर सहा महिने जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचे काय? शिधापत्रिका गावात, माणसे भट्टीवर, आणि मतदानाच्या दिवशी मात्र ट्रक करून त्यांना आणण्याची सोय झालेली.

ज्या निवडणुकीत दवाखाना असतो

इथे एक गोष्ट मतदाराने नीट ध्यानात घ्यायला हवी. विम्याचे कार्ड दिल्ली आणि मुंबईतून येते. त्यासाठी आपण खासदार आणि आमदार निवडतो. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचे. पण डोळखांब, किन्हवली, धसई, मोरोशी येथली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या हाताखालची उपकेंद्रे चालवते जिल्हा परिषद. ताप, बाळंतपण, लसीकरण, सर्पदंश, म्हणजे गावाच्या नव्वद टक्के दुखण्यांचा पहिला दरवाजा तोच. ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत २०२३ च्या सुरुवातीला संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. लोकसभा झाली, विधानसभा झाली, पण ज्या सभागृहात ‘आमच्या केंद्रात डॉक्टर का नाही?’ असे विचारता येते, ते रिकामेच राहिले. मतदार या रिकाम्या सभागृहाविषयी रस्त्यावर आले नाहीत, पक्षही आले नाहीत. कार्ड वाटण्याचे कार्यक्रम मात्र झाले.

बाहेरच्या जगात आरोग्याचा प्रश्न मतपेटीत कसा उतरतो, याचे दोन नमुने आहेत. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली जिंकलेल्या चर्चिलला लोकांनी घरी बसवले आणि मजूर पक्षाला निवडले. त्या सरकारने ५ जुलै १९४८ पासून सर्वांना मोफत आरोग्यसेवा सुरू केली, आणि नंतर आलेल्या एकाही हुजूर सरकारची ती मोडण्याची छाती झाली नाही. अमेरिकेने खासगी विम्याची वाट धरली. तिथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विम्याच्या हप्त्यांवरच्या सवलती चालू ठेवायच्या की नाहीत, या वादात केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद पडले. एकीकडे दवाखाना सर्वांचा झाल्यामुळे त्याच्यावर सर्वांची नजर राहिली. दुसरीकडे हप्ताच राजकारणाचा केंद्रबिंदू झाला. आपणही १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने पहिली वाट धरली होती. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पनाच तिथली. हल्ली आपली पावले दुसऱ्या वाटेकडे वळलेली दिसतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि ते वर्ष करोनाचे होते.

विचारायचे काय?

मत देताना आजारपणाचा हिशेब जरूर मांडावा, पण सारा मांडावा. उमेदवार दारात येईल तेव्हा कार्डाची मर्यादा किती लाख, हा प्रश्न त्याला सोपा जातो, कारण लाख वाढवायला कागद लागतो. त्याऐवजी दुसरे प्रश्न विचारावेत. आमच्या केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? रात्री डॉक्टर मुक्कामाला असतो का? सर्पदंशाची लस पावसाळ्याआधी येते का? शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून गेल्या वर्षी किती रुग्ण पुढे पाठवले आणि त्यांतले किती इथेच बरे करता आले असते? आमच्या कार्डावर सरकार जो हप्ता भरते, त्यातला किती पैसा या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयाकडे परत आला? सरकारी रुग्णालयांनाही या योजनेतून पैसे मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तालुक्यातच उपचार झाले तर तो पैसा तालुक्यात राहतो.

हे प्रश्न विचारायला पक्ष लागत नाही. ग्रामसभा लागते, महिला मंडळ लागते, आशाताईंची मदत लागते. आपल्या गावात कोणाला कशासाठी किती लांब जावे लागले, याची सर्वांत पक्की माहिती त्यांच्याच वहीत असते. उत्तरे लेखी मागावीत आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत शाळेच्या फळ्याशेजारी लावून ठेवावीत.

पगारदार मध्यमवर्गालाही यात बाजूला उभे राहता येणार नाही. त्याने आवाज उठवला आणि चौदा महिन्यांत कर रद्द झाला. आवाजाला किती जोर असतो ते त्याने पाहिले आहे. पण दरसाल दहा टक्क्यांनी चढणारा त्याचा हप्ता खाली खेचू शकेल अशी गोष्ट एकच. शेजारचे सरकारी रुग्णालय इतके चांगले चालावे की खासगी रुग्णालयाला दर ठरवताना त्याचा विचार करावा लागावा. मुरबाडचा शिक्षक आणि मोरोशीचा ठाकर शेतकरी यांचे हित इथे एक होते, फक्त ते एकमेकांना तसे कधी सांगत नाहीत.

रात्री धावून येणाऱ्या माणसाचे उपकार मानावेत. त्याला चहा पाजावा, त्याच्या घरच्या लग्नाला जावे. मत देण्यापूर्वी मात्र त्यालाच एकदा विचारावे, “दादा, तुम्हाला रात्री उठवायची वेळ आमच्यावर येऊ नये, म्हणून तुम्ही काय केलेत?” त्याच्यापाशी उत्तर असेल तर मत त्याचेच.